देवपूरहून आणलेल्या मशीनमधली बंद जागा

या व्यवहारात कुणाचंच नुकसान नव्हतं. निदान मी हिशेब मांडला तेव्हा तरी नव्हतं.

माझ्या धाकट्या भावाला, रोनकला, डाळ मिलमधून सुटका मिळणार होती. सुटका नाहीच झाली, तर पप्पांना "मी सांगत होतो" म्हणण्याचं सुख मिळणार होतं. देवपूरच्या दिपमालाची वरची खोली रिकामी होणार होती. आणि मला मिळणार होतं मध्यस्थीचं श्रेय. माहेरी श्रेय मिळवणं किती अवघड असतं, ते लग्न झालेल्या बहिणींना सांगायला नको.

पुढे जे लिहितेय ते जसं घडलं तसंच लिहितेय. नावंही बदललेली नाहीत. आमच्या घरात भयकथा कुणी वाचत नाही, तुरीचे भाव वाचतात.

जागा जळगाव, माझं माहेरचं घर. दिवस आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदला. मंगळवार, २९ एप्रिल २०२५.

वेळ रात्रीची नाही... दुपारची.

आमच्याकडे एप्रिलची दुपार काय असते ते बाहेरच्यांना कळणार नाही. चव्वेचाळीस डिग्री. दारं बंद, खिडक्या बंद, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. प्रत्येक घरात कूलर घरघरत असतो. त्या आवाजात कुणी जिवाच्या आकांतानं ओरडलं, तरी शेजारी ऐकू जात नाही.

हे वाक्य मी सहज लिहिलेलं नाही.

रोनक दागिन्यांची डिझाइन्स कॉम्प्युटरवर करतो. म्हणजे करायचा. सोनं न वितळवता, हार तयार होऊन मखमलीवर ठेवलाय असं हुबेहूब चित्र. त्याला रेंडर म्हणतात. त्यासाठी दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं, भरपूर मेमरी लागते. रोनक लिनक्स वापरायचा. लिनक्स फुकट मिळतं, त्यामुळे पप्पांनाही त्याच्याबद्दल आदर होता.

पप्पांनी त्याला मुदत दिली होती. बाजारात रिखबशेठ म्हणून नाव आहे त्यांचं, मुदतीला पक्के.

"आखाजीच्या मुहूर्तापर्यंत एक सराफ पकडून दाखव," ते म्हणाले. "नाही तर त्याच मुहूर्तावर मिलच्या गादीवर बस. दिवस ठरला. बसायचं कुठं ते तू ठरव."

रोनकनं सराफ पकडला. आखाजीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत हाराचं चित्र द्यायचं, आवडलं तर वर्षभराचं काम त्याचं. पण त्याचं जुनं मशीन एवढं मोठं रेंडर पेलत नव्हतं.

तेव्हा मी मध्ये पडले.

माझं सासर धुळ्याचं. देवपूरमध्ये आमच्या मागच्या गल्लीत वना म्हणून एकजण लग्नांचे व्हिडिओ एडिट करायचा. तो आदल्या मे महिन्यात गेला. ऊन लागलं, एवढंच ऐकलेलं. त्याचं मशीन तसंच पडून होतं.

मी आणि माझा नवरा श्रेयांस बघायला गेलो. वनाची बायको दिपमाला आम्हाला वर घेऊन गेली. घरातून जिना, वर पत्र्याची एकच खोली. जिन्याच्या पायथ्याशी दाराची चौकट होती, पण दार नव्हतं. ते काढून अंगणात भिंतीला टेकवून ठेवलेलं. हिरवं, लोखंडी, खाली डाव्या कोपऱ्यात पत्र्याचं ठिगळ.

"दार का काढलं?" मी विचारलं.

"नको वाटतं," ती म्हणाली.

मग किमतीचं बोलणं झालं.

"काय धरायचं?"

"तुम्ही द्याल ते, ताई."

मी व्यापाऱ्याची मुलगी. घासाघीस न करणारा माणूस एक तर साधू असतो, नाही तर त्याला वस्तू लवकर नजरेआड करायची असते. दिपमाला साधू नव्हती. पण स्वस्त मिळत असलं की मी पुढचे प्रश्न विचारत नाही.

निघताना तिनं एक कागद हातात दिला. त्यावर फोन नंबर.

"माझ्या भावाचा, भूपेंद्रचा. नंतर तो वापरत होता हे, पंधरा दिवस. त्यानं यातली थोडी जागा बंद करून ठेवलीय. ती तेवढी... उघडू नका."

"बरं," मी म्हणाले. कसली जागा, ते मलाही कळलं नाही आणि तिलाही सांगता आलं नाही.

आठवड्यानं रोनकचा फोन.

"दीदी, मशीन झकास आहे. पण मेमरी पूर्ण भरत नाही. बत्तीस जीबी आहे, थोडी कमी दाखवतंय. कुणीतरी मुद्दाम एक ओळ घालून ठेवलीय."

मग त्यानं समजावून सांगितलं. मेमरीचा एखादा तुकडा खराब असला, तर लिनक्सला सुरू होतानाच बजावता येतं, या पत्त्यापासून त्या पत्त्यापर्यंत जायचं नाही. मग ते तिकडे फिरकत नाही.

"दिपमाला म्हणाली होती, ती जागा उघडू नका."

"चौसष्ट एमबी आहे."

"म्हणजे किती?"

"बत्तीस पोत्यांत तीन किलो."

"मग राहू दे ना!"

"दीदी," तो हसला, "आपल्या मिलमध्ये तीन किलो कुणी सोडतं?"

मीही हसले. खरंच होतं. आमच्याकडे डाळीची चुनीसुद्धा पोत्यात भरून गुरांसाठी विकली जाते. झाडलोटीतले दाणे पाखडून परत घेतात. मोजून घेतलेल्या मालातलं काही वापरायचं नाही, ही गोष्ट आमच्या डोक्यात बसतच नाही. त्याच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं.

त्यानं ती ओळ पुसली.

तीन दिवसांनी पडद्यावर चौकटी दिसायला लागल्या.

बारीक, हिरव्या. रेंडर चालू असताना यायच्या, जायच्या. रोनक म्हणाला, ग्राफिक्स कार्ड तापत असेल. त्यानं कार्ड काढलं, धूळ पुसली, नवं पेस्ट लावलं.

चौकटी आल्याच.

दुसरा ड्रायव्हर टाकून पाहिला. आल्या.

वायर बदलली, मॉनिटर बदलला. आल्या.

मग त्यानं मेमरीची टेस्ट लावली. सगळी मेमरी पास व्हायची, एकाच ठिकाणी चूक. पुन्हा फिरवली, पुन्हा तिथेच. भूपेंद्रनं बंद केलेली तीच जागा. म्हणजे रॅम खराब. सोपं होतं. त्यानं दोन्ही पट्ट्या काढून कोऱ्या आणून बसवल्या.

टेस्ट लावली...

चूक त्याच पत्त्यावर.

"असं होत नाही, दीदी," तो फोनवर म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज लहान झालेला. "ती पट्टी माझ्या टेबलावर पडलीय. मग ती जागा मशीनमध्ये कशी?"

शेवटी त्यानं ग्राफिक्स कार्डच काढून ठेवलं आणि बोर्डाच्या साध्या ग्राफिक्सवर मशीन सुरू केलं.

चौकटी होत्या. आता मोठ्या. एकमेकींना जुळत चाललेल्या.

त्यानं मला फोटो पाठवला. मी तो धुळ्याला आमच्या दुकानात बसून पाहिला.

ते दार होतं.

हिरवं, लोखंडी. ठिगळ मात्र उजव्या कोपऱ्यात.

मला जरा वेळानं उमगलं... दार आतून दिसत होतं.

मी त्याला काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मशीन परत आलं असतं, आणि माझं श्रेयही. म्हटलं, रेंडर होऊन जाऊ दे.

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात. मी आणि श्रेयांस सोमवारी संध्याकाळी जळगावला पोचलो. या वर्षी कारणही मोठं होतं. मम्मीचा वर्षीतप पूर्ण होणार होता. वर्षभर एक दिवसाआड उपास, उन्हाळ्यातही, नुसतं उकळलेलं पाणी. आखाजीला उसाच्या रसानं पारणं. मम्मीचं वजन अकरा किलो उतरलेलं, पण चेहरा असा, की आतलं सगळं कुणी झाडून पुसून घेतलंय.

मंगळवारी सकाळी मी रोनकसाठी चहा घेऊन वर गेले. आमच्याकडेही तशीच रचना. पायथ्याशी लोखंडी दार, जिना, वर पत्र्याची खोली. खिडकी एकच, तिच्यात कूलर बसवलेला.

रोनकची दाढी वाढलेली. डोळे आत गेलेले.

"किती झालं?"

"ऐंशी टक्के. संध्याकाळपर्यंत होईल."

पडद्याच्या अर्ध्या भागात हार एकेका मण्यानं तयार होत होता. उरलेल्या अर्ध्यात दार.

हिरवं नव्हतं... राखाडी होतं.

आमच्या जिन्याचं.

"कालपर्यंत हिरवं होतं," रोनक म्हणाला.

"बंद कर ते. आत्ता."

"आणि उद्या गादीवर बसू?" तो माझ्याकडे वळला. "दीदी, त्या गादीवर पप्पा चाळीस वर्षं बसलेत. मी बसलो की मीही चाळीस वर्षं बसणार. बाहेर यायला ही एकच फट आहे. फक्त आजचा दिवस."

मी खाली येऊन भूपेंद्रला फोन लावला. उचलला नाही. तो वरणगावच्या फॅक्टरीत आहे, कामावर फोन जवळ नसतो. मी मेसेज टाकला. मशीन घेतलंय, बंद जागा उघडलीय, पडद्यावर दार दिसतंय, फोन करा.

दुपारी स्थानकात, म्हणजे आम्हा जैनांच्या प्रार्थनेच्या जागी, मम्मीच्या तपाची गाणी होती. रोनक म्हणाला होता, मी पुढे जातो, खुर्च्या लावायला. अडीचला आम्ही निघालो. दारात त्याची स्कूटी नव्हती. म्हटलं, गेला.

स्कूटी श्रेयांसनं नेली होती. रसासाठी बर्फ सांगायला.

रिक्षात पाय ठेवता ठेवता मम्मी म्हणाली, "आयुषी, जिन्याचं दार राहिलं वाटतं. वरून झळ उतरते, घर तापतं."

रोजचंच होतं ते. रोज दुपारी मम्मीच लावायची.

मी परत आत गेले. जिन्याचं दार ओढलं. कडी लावली.

वरून आवाज आला का? कूलर चालू होता. आला असेल तर मी ऐकला नाही.

स्थानकात गाणी रंगली. मम्मीला मधोमध बसवलेलं. बायका टाळ्या वाजवत होत्या. मी प्रसादाच्या पिशव्या मोजत होते.

साडेचारला फोन वाजला. भूपेंद्र.

"ताई, ती जागा कसाले उघाडी?" नमस्कार नाही, काही नाही. सरळ अहिराणीतच.

"अहो, भावानं..."

"दार कुठलं दिसतंय?"

"आधी तुमचं हिरवं. सकाळपासून आमचं."



"माझ्या वेळीही असंच," तो हळू बोलायला लागला. "आधी हिरवं दिसायचं. एक दिवस माझ्याच खोलीचं दिसलं. त्या दुपारी माझं दार बाहेरून लागलं. कुणी लावलं, आजवर माहीत नाही. शेजारचा आला म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी ती जागा बंद केली."

"वनाभाऊ ऊन लागून गेले ना?"

"ऊनच. पण रस्त्यावर नाही, खोलीत. आम्ही सगळे लग्नाला निघालो. अक्काला वाटलं, दाजी पुढे गेले. तिनं जिन्याचं दार लावलं. वरून झळ येते म्हणून..."

मी पिशव्या सोडून उठले.

"ताई? तुमचा भाऊ कुठंय आत्ता?"

मी मंडपभर नजर फिरवली. खुर्च्या लावलेल्या होत्या. दुसऱ्याच मुलांनी लावल्या होत्या.

"रोनक कुठंय?" मी श्रेयांसला विचारलं.

"मला काय विचारतेस? तो तर आलाच नाही."

स्कूटीवर मला काही आठवत नाही. फक्त रस्ता आठवतो. रिकामा, पांढरा, आणि संपतच नव्हता.

घरात शिरलो. लाइट गेलेली. अख्ख्या गल्लीची.

कूलर बंद, पंखे बंद. घरात काहीच आवाज नाही...

आणि मग आला.

धप. धप. धप.

थांबला.

धप. धप. धप.

जिन्याच्या दारावर, आतून. घाई नव्हती त्यात. आपली पाळी येईपर्यंत वाट बघत बसलेल्या माणसासारखा.

"रोनक!" मी ओरडले.

आवाज थांबला.

मी कडीला हात घातला. चटका बसला. आणि दाराच्या अगदी पलीकडून, माझ्या कानाच्या उंचीवर, कुणीतरी बोललं.

"दिपू... झय कमी व्हयनी का?"

झळ कमी झाली का.

आमच्या घरात अहिराणी कुणी बोलत नाही. रोनकला तर येतच नाही.

त्या आवाजात राग नव्हता. तेच मला अजून झोपू देत नाही. बायकोनं घर तापू नये म्हणून दार लावलं, आणि तो विचारत होता... तापलं तर नाही ना.

श्रेयांसनं मला बाजूला ढकललं आणि कडी काढली.

दार उघडलं. भट्टीसारखी हवा अंगावर आली.

दाराशी कुणीच नव्हतं.

रोनक वर होता. जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, भिंतीला टेकून, बेशुद्ध. ओठ फुटलेले. तिथून दार चौदा पायऱ्या खाली.

त्याचे हात मी नंतर दवाखान्यात पाहिले. एक ओरखडाही नव्हता. आणि आमच्या राखाडी दाराला आतून पोचे आले होते. खाली, उजव्या कोपऱ्यात. सगळे एकाच जागी.

श्रेयांस मशीन बंद करायला खोलीत गेला होता. लाइट जाऊन दोन तास झालेले. यूपीएसची बॅटरी दहा मिनिटांची, तिचा दिवाही विझलेला. मशीन चालू होतं.

पडद्यावर हार पूर्ण झाला होता. शेवटच्या मण्यापर्यंत. दुसरं काही नव्हतं.

त्यानं वायर ओढली. पडदा लगेच विझला नाही, असं तो म्हणतो. अजून म्हणतो.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर आमच्याकडे आणून उपयोग नव्हता.

रोनकला दुसऱ्या दिवशी नीट बोलता आलं. रेंडर किती झालं ते बघायला दोन मिनिटं वर गेलो, म्हणाला. खाली आलो तर दार लागलेलं. फोन खाली चार्जिंगला. लाइट गेली, नेट गेलं. हाका मारल्या, थोडा वेळ दार वाजवलं, मग त्राण गेलं.

"मी वर जाऊन बसलो, दीदी. तरी खाली दार वाजतच होतं. मला बरं वाटलं. म्हटलं, कुणीतरी वाजवतंय ना... ऐकतील."

कोण वाजवत होतं, ते त्यानं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

त्या रात्री पप्पा दवाखान्यात त्याच्या पायाशी बसून होते. त्यांनीच श्रेयांसला सांगून ते चित्र सराफाला पाठवलं. सराफाला आवडलं. वर्षभराचं काम द्यायला तयार झाला.

रोनक जिंकला होता. पण आता बंद खोलीत त्याला बसवत नाही. पंधरा दिवसांनी तो आपणहून मिलमध्ये गेला आणि गादीवर बसला. ती जागा तिन्ही बाजूंनी उघडी आहे. पप्पांनी त्याला जायला सांगितलं नव्हतं. तो बसला तेव्हा पप्पा उठून गोदामात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

भूपेंद्र येऊन ती जागा पुन्हा बंद करून गेला. मशीन वर चादर घालून ठेवलंय. विकायचं नाही असं ठरलं. आमच्या घरात वापरात नसलेली आणि विकायलाही न काढलेली ती पहिली वस्तू.

दिपमाला मला देवपूरच्या भाजीबाजारात भेटली. बराच वेळ नुसती मेथीची जुडी हातात फिरवत राहिली.

"ताई, त्या दिवशी... तुम्हाला काही ऐकू आलं का?"

"नाही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि मेथी न घेताच गेली. खरं सांगितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं की आणखी वाईट, ते मला ठरवता आलेलं नाही.

एक गोष्ट राहिली.

त्या संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात पप्पा ओरडले, "कडी कुणी लावली?"

मी तोंड उघडलं.

त्याआधी मम्मी बोलली. "मी. रोज मीच लावते."

तिला खरंच तसं वाटत होतं. वर्षभराच्या उपासानं थकलेलं डोकं, तिला रोजचंच आठवलं. पप्पा तिला जे बोलले ते छत्तीस वर्षांच्या संसारात कधी बोलले नव्हते. मी ग्लुकोजची बाटली धरून शेजारी उभी होते.

आखाजीला तिचं पारणं दवाखान्यात झालं, दोन चमचे रसावर. आठवड्यानं ती स्थानकातल्या महाराजसाहेबांकडे, आमच्या साधूंकडे, गेली आणि प्रायश्चित्त मागून आली. पुन्हा वर्षभर, एक दिवसाआड उपास.

सगळ्यांनी समजावलं. वय झालंय, तब्येत नाही. ती म्हणते, हातून झालंय ते फेडायला नको?

आज उपासाचा दिवस. दुपारी फोन केला, तर बऱ्याच वेळानं उचलला.

"झोपले होते गं. चक्कर आल्यासारखं झालं जरा. तू कशी आहेस?"

बरी आहे, म्हटलं.

कडी मी लावली. उपास ती करतेय. अजून तीन महिने आहेत.